इसवी सन ११५ ची किल्ली

मंगळवारी संध्याकाळी पाच चाळीसला कचऱ्याची पिवळी गाडी मंदिरामागच्या गल्लीत आली, पियानोची धून वाजवत थोडा वेळ थांबली आणि निघून गेली. को स्यू-ओच्या स्वयंपाकघरातला दिवा लागला नाही.

स्यू-ओ तेव्हा ओट्याशी मासे साफ करत होती. माशांचे गोळे करून विकणं हा तिचा धंदा. चांद्र पंचांगाचं, फेब्रुवारीतलं नववर्ष दोन आठवड्यांवर आलेलं, त्यामुळे मागणी दुप्पट आणि आतडी, काटे, खवले यांची घाणही दुप्पट. दोन बादल्या दाराशी काठोकाठ भरून ठेवल्या होत्या. तैवानात कचरा रस्त्यावर ठेवून चालत नाही. गाडी आली की तो आपल्या हातानं तिच्यात टाकायचा, आणि चुकली की घरात सांभाळत बसायचं. गाडी आल्याचं गल्लीला धुनेवरून कळतं. स्यू-ओला जन्मापासून ऐकू येत नाही. तिला ते दिव्यावरून कळायचं.

तिनं मान वर केली तेव्हा खिडकीतून शेजारणी रिकाम्या बादल्या घेऊन परतताना दिसल्या. तिनं हात पुसले, विझलेल्या दिव्याचा फोटो काढला आणि धाकट्या बहिणीला पाठवला. खाली लिहिलं : "तुझा दिवा मेला. मासे आधीच मेले होते. आता दोघांचा वास येईल."

धाकटी बहीण यू-फेन शीवेई शहराच्या दुसऱ्या टोकाला, शाळांची वेळापत्रकं लावून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कंपनीत काम करत होती. वय चव्वेचाळीस, लग्न केलेलं नाही, चहा कडक, बोलणं कमी. फोटो पाहून तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं.

दिवा तिनं केला होता, पण दिवा ही सोपी गोष्ट. अवघड होती ती त्याच्या मागची लायब्ररी. शहरातली प्रत्येक कचरागाडी आपण कुठं आहोत हे सतत कळवत असते, आणि इंटरनेटवरून विचारलं तर महापालिकेची सेवा ते सांगते. मात्र विचारायची रीत किचकट. अमुक क्रमानं विचारा, अमुक वेळ थांबा, गाडीचा क्रमांक असा लिहा, गल्लीचा तसा. सरकारी खिडकीवर कोणता कागद आधी आणि कोणता नंतर हे जाणणारा माणूस बरोबर असला की काम चुटकीसरशी होतं. यू-फेनची लायब्ररी म्हणजे तसा माणूस. तिनं हा कोड सहा वर्षांपूर्वी लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. ज्याला गाडी कुठं आहे हे हवं, त्यानं तो आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडायचा आणि सरळ विचारायचं : गाडी कुठं आहे? शहरात ऐकू न येणाऱ्यांच्या दोनशेवर घरांत असे दिवे लागत होते. शिवाय दोन वृद्धाश्रम होते, काही खानावळी होत्या, आणि यू-फेनला ठाऊकही नसलेले कितीतरी लोक.

लायब्ररीचं नाव तिनं ठेवलं होतं 'शेजारीण'. कारण दिवा येण्याआधी हे काम शेजारच्या खू काकू करायच्या. गाडी आली की त्या सरळ स्वयंपाकघरात शिरून स्यू-ओच्या खांद्यावर थाप मारत. काकू मनानं वाईट नव्हत्या. पण पत्त्यांचा डाव रंगला की विसरत, आणि आठवण राहिली की गल्लीभर सांगत, "मी आहे म्हणून हिच्या घराला वास येत नाही." पहिल्यांदा दिवा लागला त्या संध्याकाळी स्यू-ओ बादली घेऊन सगळ्यांच्या आधी कोपऱ्यावर उभी राहिली होती. काकूंना हात करून. तो हात यू-फेन विसरली नव्हती.

तिनं आता लायब्ररीला थेट विचारून पाहिलं. उत्तर आलं : माहिती उपलब्ध नाही. हा तिनंच घातलेला सभ्यपणा. सेवेनं नकार दिला की लायब्ररी तो गिळून टाकायची आणि विचारणाऱ्याला एवढंच गोड वाक्य सांगायची. यू-फेननं गिळलेला नकार बाहेर काढून वाचला.

"किल्लीची मुदत संपली आहे. मुदत : ०११५-१२-३१."

तिनं दुसऱ्यांदा वाचलं आणि एकटीच हसली.

या हिवाळ्यात महापालिकेनं सेवेचं काम मिंगलू नावाच्या कंपनीला दिलं होतं. मिंगलूनं नियम केला : बाहेरून विचारणाऱ्यानं ओळखपत्र दाखवून किल्ली घ्यावी, म्हणजे अक्षरं-आकड्यांची एक लांब खूण, जी प्रत्येक प्रश्नासोबत पाठवायची. यू-फेननं रीतसर अर्ज केला, किल्ली घेतली. मुदत चालू वर्षाच्या अखेरपर्यंत. आणि चालू वर्ष, तैवानमधला कुठलाही कारकून लिहितो तसं, मिंगलूच्या कारकुनानं लिहिलं : ११५. बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या नोंदीत सगळे तेच लिहितात. १९१२ साली प्रजासत्ताक झालं, ते पहिलं वर्ष धरून मोजायची इथली रीत आहे; म्हणून २०२६ म्हणजे ११५. त्या मंगळवारी सकाळी मिंगलूनं मुदत तपासणारी नवी व्यवस्था सुरू केली. यंत्राला इथली रीत कुणी शिकवली नव्हती. त्यानं ११५ हे इसवी सन ११५ समजून घेतलं आणि बाहेर दिलेल्या सगळ्या किल्ल्या एकोणीसशे वर्षांपूर्वीच संपल्याचं जाहीर केलं. कंपनीच्या स्वतःच्या ॲपच्या किल्लीला मुदतच नव्हती. ते ॲप मजेत चालू होतं.

चूक क्षुल्लक होती. तासाभरात सुटली असती. यू-फेननं तसं नम्रपणे लिहून कळवलं आणि घरी गेली.

बुधवारी सकाळी मिंगलूच्या संकेतस्थळावर निवेदन झळकलं : 'शेजारीण' या बाहेरच्या, अनधिकृत लायब्ररीच्या बेसुमार वापरामुळे सेवेवर ताण आला असून त्या लायब्ररीला रोखण्यात आलं आहे, नागरिकांनी कंपनीचं अधिकृत ॲप वापरावं.

यू-फेननं फोन लावला. तिकडून मॅनेजर फान बोलले. आवाज मऊ, वाक्यं पाठ केल्यासारखी.

"को मॅडम, आमचं ॲप फुकट आहे. गाडी आली की छान धून वाजते."

"माझ्या बहिणीला ऐकू येत नाही."

"मग फोन थरथरतो ना. खिशात ठेवायचा."

"तिचे दोन्ही हात माशाच्या पोटात असतात, साहेब. आणि ॲप्रनला खिसा नाही. तारखेची चूक तेवढी दुरुस्त करा."

"कसली तारीख?"

"मी काल लिहून पाठवलीय."

"ते तांत्रिक विभागाकडं असेल. निवेदन मात्र वरून मंजूर झालंय."

फोन ठेवल्यावर तिला कळलं, की चूक आता तारखेची राहिली नव्हती. तारीख दुरुस्त केली की निवेदन खोटं ठरत होतं.

लायब्ररीचं काम तिच्याबरोबर बघायचा यान-त्सू. तो उत्तरेला राहायचा. त्यांची ओळख पडद्यावरचीच. तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, तोंडानं फटकळ.

"फेनताई, हान सम्राटाच्या दरबारात अर्ज करून बघ. तुझी किल्ली त्याच्याच काळातली आहे."

"थट्टा पुरे. करायचं काय?"

"दहा मिनिटांचं काम आहे. त्यांच्या ॲपची किल्ली ॲपमध्येच उघडी पडलीय, मी पाहिली. ती आपल्या लायब्ररीत घालू. आणि नाव बदलू. 'मी शेजारीण' म्हणायच्या ऐवजी 'मी मिंगलूचं ॲप' म्हणायचं. त्यांच्या बापाला कळणार नाही. संध्याकाळी दिवे चालू."

लायब्ररी प्रत्येक प्रश्नाच्या सुरुवातीला आपलं नाव आणि यू-फेनचा पत्ता सांगायची. काही बिघडलं तर कुणाला विचारायचं ते समोरच्याला कळावं म्हणून.

"नाही," यू-फेन म्हणाली.

"का?"

"ते आपल्याला चोर म्हणतायत. तू म्हणतोस, खिडकीतून शिरू या."

"दार बंद आहे, ताई!"

"दार बंद आहे आणि आपल्याकडं किल्ली आहे. त्यांनीच दिलेली. मी दारातच उभी राहणार, नाव सांगून."

यान-त्सूनं कपाळावर हात मारला. "तत्त्वं तुझी, मासे तुझ्या बहिणीचे."

हे तिला लागलं, कारण ते खरं होतं. त्याच संध्याकाळी खू काकू पुन्हा स्वयंपाकघरात शिरल्या होत्या.

शुक्रवारी मिंगलूनं तिला बोलावलं. चौथा मजला, काचेच्या भिंती, ऊलाँग चहा. फान यांच्या शेजारी चुआंग नावाचे अभियंते बसले होते. टक्कल पडलेले, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. काचेपलीकडं यंत्रांची कपाटं दिसत होती आणि प्रत्येक कपाटावर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवलेलं. यू-फेनच्या कंपनीतही होतं, सगळीकडंच असतं. त्या कुरकुऱ्यांच्या नावाचा अर्थच 'शहाणं बाळ', म्हणून यंत्रानंही तसंच वागावं असा समज. पाकीट हिरवंच हवं, फोडलेलं नको, आणि मुदत संपलेलं तर मुळीच नको.

"चुआंगसाहेब, ही पाकिटं कोण बदलतं?" तिनं विचारलं.

"मीच." ते खुलले. "दर पहिल्या तारखेला एकेक उलटून बघतो. मागं एकदा एकाची मुदत आठवडाभर उलटली होती, तर तिसरं कपाट रात्रभर रुसून बसलं. हसू नका, खरं सांगतो."

"हसत नाही. आणि बाहेर दिलेल्या किल्ल्यांची मुदत कोण उलटून बघतं?"

चुआंग चहाच्या कपात बघायला लागले.

"कुरकुऱ्यांची तारीख तुम्ही चुकवत नाही," ती म्हणाली. "माझ्या किल्लीवर यंत्रानं कुठलं साल वाचलंय, ते इथून उठून दोन पावलांवर दिसेल. चला, मिळून बघू."

"मॅडम, विषय भरकटतोय," फान म्हणाले. त्यांनी एक कागद पुढं सरकवला. "आम्हालाही त्या लोकांची काळजी आहेच. कर्णबधिरांच्या संघटनेला आम्ही वेगळी किल्ली देतो. मुदतच नसलेली. आज संध्याकाळी दिवे लागतील. तुम्ही फक्त दोन गोष्टी करायच्या. लायब्ररी मागं घ्यायची, आणि तिच्यातल्या दोषामुळे ताण आला असं लिहून द्यायचं. चार ओळी आहेत. आम्हीच लिहून ठेवल्यात."

"आणि वृद्धाश्रम? खानावळी?"

"ॲप आहे की."

"दोष नसताना लिहून द्यायचं?"

"कुणाचं नाव खराब होत नाही हो. लायब्ररीचं होतं." फान हसले. "आणि नववर्ष आलंय. घरोघरी साफसफाई, कचऱ्याचे ढीग. आदल्या दिवशी दुपारी शेवटची गाडी. मग सणाचे दिवस गाडी नाही. बहिणीच्या घरात माशांची घाण सांभाळत सण करायचा? विचार करा."

हा माणूस तिला नेमकं कुठं दाबायचं ते शोधून बसला होता. यू-फेननं कागद घडी घालून पिशवीत टाकला. "बहिणीला विचारते."

लिफ्टपाशी चुआंग मागून आले. इकडं तिकडं बघून पुटपुटले, "मी बुधवारीच वर सांगितलं होतं. म्हणाले, निवेदन गेलंय, आता गप्प बसा." मग लगेच म्हणाले, "मी तुम्हाला काही बोललो नाही."

"पाकिटांबद्दल बोललात," यू-फेन म्हणाली. "तेवढंच सांगेन."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बहिणीकडं गेली. स्यू-ओ माशाचा लगदा पातेल्यात आपटून घट्ट करत होती. दारामागं झाकलेल्या तीन बादल्या. झाकणावर वीट, तरी वास दडत नव्हता. खू काकू आधीच येऊन बसल्या होत्या.

"बघ बाई तूच!" त्या यू-फेनला म्हणाल्या. "काल मी लेकीकडं गेले, तर हिची गाडी चुकली. माझ्यावाचून हिचं पान हलत नाही. तुमचे ते दिवेबिवे ठीक आहेत, पण शेवटी माणूस लागतं माणसाला." आणि जाता जाता सवयीनं स्यू-ओच्या खांद्यावर थाप मारून गेल्या. गाडी आली नसताना.

स्यू-ओनं खांदा झटकला. मग हात धुऊन बहिणीकडं वळली. दोघी हातांच्या भाषेत बोलायच्या. स्यू-ओच्या हातांचा वेग गल्लीतल्या कुठल्याही जिभेपेक्षा जास्त होता.

"काय म्हणाल्या या?"

"माणूस लागतं माणसाला."

"लागतं. पण खांद्यावर नाही. कागद दाखव."

यू-फेननं कागद दिला, आणि बहीण वाचत असताना मनात ठरवलेलं बोलून टाकलं. "सही करते मी. लायब्ररी काय, एक कोड आहे. तुझा दिवा लागेल. सगळ्यांचे लागतील. मला भांडायचा कंटाळा आलाय, ताई."

स्यू-ओनं कागद ओट्यावर ठेवला, नेमका लगद्याच्या शिंतोड्यांत.

"हे खरं आहे? तुझ्या कोडमुळे बिघडलं?"

"नाही."

"मग मी दिव्याकडं बघून रोज काय समजू? गाडी आली, की माझी बहीण खोटी पडली?"

"तुझ्यासाठीच करतेय ना!"

"ए शहाणे, माझ्यासाठी करायला एक काकू आहेत मला. दुसरी नको." स्यू-ओचे हात आता सावकाश चालू लागले. "ते साहेब दिवा देणार. त्यांच्या मर्जीत आलं तर काढून घेणार. आणि मी दर नववर्षाला त्यांच्याकडं फराळ घेऊन जायचं का? थापच ती. मोठ्या माणसाची. मला दिवा हवा, तो तू केलास तसा हवा. गाडी सगळ्यांची, माझीही. मी विचारलं की तिनं सांगायचं. उपकार नाही."

"आणि तोवर?"

"तोवर मी कोपऱ्यावर जाऊन उभी राहीन. पाय आहेत मला. तास लागो, दोन लागोत. काकूंना सांग, आत यायचं नाही."

यू-फेननं कागद उचलला. तो मागून पुढून ओला झाला होता आणि त्याला माशाचा वास येत होता. तसाच तिनं पाकिटात घातला आणि मिंगलूला परत पाठवला. सही न करता.

त्या रविवारी तिनं लायब्ररीची नवी आवृत्ती काढली. नाव तेच, पत्ता तोच, किल्ली तीच, विचारायची पद्धतही तीच. बदल एकच होता. नकार गिळायचा नाही. सेवा जे उत्तर देईल ते शब्दाला शब्द, जसंच्या तसं, विचारणाऱ्यासमोर ठेवायचं. आणि दिव्यानं विझून न राहता लाल लागायचं.

यान-त्सूनं कोड शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाला, "सगळं जग चुका लपवायला धडपडतं. तू दुसऱ्याची चूक खिडकीत टांगतेस."

"आपली शेजारीण फार सभ्य होती," यू-फेन म्हणाली. "सहा वर्षं लोकांचे नकार पोटात घेत होती. त्या सभ्यपणामुळेच त्यांचं खोटं निवेदन खपलं."

"टाकू?"

"टाक."

सोमवारी संध्याकाळी शहरात ठिकठिकाणी स्वयंपाकघरांत लाल दिवे लागले आणि फोनांवर एकच ओळ उमटली : किल्लीची मुदत संपली आहे, ०११५-१२-३१. स्यू-ओनं आपला दिवा ओट्यावरून काढून रस्त्याकडच्या खिडकीत ठेवला, दारावर चिकटवलेल्या सणाच्या लाल कागदांशेजारी. तिनं तसा फोटो संघटनेत पाठवला. दुसऱ्या दिवशी आणखी खिडक्या लाल झाल्या. लोक थांबून विचारायचे, "कंदील लवकर लावले यंदा?" आणि आतून फोन पुढं केला जायचा. वॉर्डप्रमुखांनी ती ओळ मोठ्यानं वाचली. स्वतः किराणा दुकानदार. तारखा वाचण्यात आयुष्य गेलेलं. "हे ११५ म्हणजे यंदाच ना?" ते म्हणाले. "मग संपली कशी?" हाच प्रश्न त्यांनी महापालिकेला विचारला. स्थानिक वृत्तपत्राच्या बातमीदारानं तो मिंगलूला विचारला. मिंगलूनं उत्तर दिलं, की तपास सुरू आहे.

खू काकूंना आत येऊ नका हे यू-फेननं सांगितलं तेव्हा त्या दोन दिवस फुगून बसल्या. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावर स्यू-ओच्या शेजारी आपली बादली घेऊन उभ्या राहिल्या, गाडीची वेळ व्हायला अवकाश असताना. थाप मारली नाही. वारा बोचरा होता. "आम्हाला ऐकू येतं, तरी आम्ही उभ्या," त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होत्या. "बघू या तो मॅनेजर कितीदा नाही म्हणतो ते."

नववर्षाच्या आदल्या सकाळी यू-फेनला मिंगलूच्या वकिलाचं पत्र आलं : लायब्ररीची नवी आवृत्ती कंपनीची बदनामी करते, तीन दिवसांत काढून टाकावी, अन्यथा कारवाई. तिनं न्याहारी पुरी केली आणि उत्तर लिहिलं. "लायब्ररी तुमचंच वाक्य वाचून दाखवते. वाक्य बदला, ती बदललेलं वाचेल. काढणार नाही."

दुपारी वर्षाची शेवटची गाडी आली. स्यू-ओनं तीनही बादल्या स्वतः रिकाम्या केल्या. त्यानंतर मिंगलूच्या संकेतस्थळावरून ते निवेदन नाहीसं झालं. त्याजागी दुसरं आलं नाही, दुरुस्तीही नाही. चुआंग यांना अडचण नको म्हणून यू-फेननं त्यांना फोन केला नाही. फान यांचा फोन बंद आहे. कार्यालयं सणानंतर सहाव्या दिवशी उघडतील. महापालिकेनं वॉर्डप्रमुखांना तेव्हाचीच वेळ दिली आहे.

संध्याकाळी, घरोघरी जेवणं मांडली जात असताना, लायब्ररीनं नेहमीसारखं विचारलं : मी शेजारीण, हा माझा पत्ता, ही माझी किल्ली, गाडी कुठं आहे? उत्तर तेच आलं. स्यू-ओच्या खिडकीतला दिवा लाल आहे.